म्हातारपणाचा हिशेब : पारनेर तालुक्यात काय फुकट मिळतं, काय विकत घ्यावं लागतं

कान्हूर पठार, टाकळी ढोकेश्वर, अळकुटी, पोखरी. पारनेर तालुक्याच्या या पट्ट्यात पावसाचा भरवसा कधीच नव्हता, म्हणून घरटी एक-दोन माणसं मुंबईला जाण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची. आता पुणं आणि सुप्याची एमआयडीसी त्यात आली आहे. मागे गावात राहतात आई-वडील. ते धडधाकट असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस आई मोरीत घसरते किंवा वडिलांना पहाटे अर्धांगाचा झटका येतो, आणि भावाभावांच्या फोनवर दोन प्रश्न उभे राहतात. बघणार कोण? आणि लागणार किती?

पहिला प्रश्न ज्याचा त्यानं सोडवायचा. दुसऱ्याचं उत्तर मात्र बरंचसं देता येतं, आणि ते आधीच माहीत असेल तर पहिलाही थोडा हलका होतो. खाली दिलेले सरकारी दर २०२५च्या अखेरचे आहेत. बाजारभाव साधारण आहेत, गावागणिक शे-पाचशेचा फरक धरून चाला.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. आपल्याकडे सरकार म्हाताऱ्या माणसाला पैसे देतं, कार्ड देतं, काठी देतं, एसटीचा प्रवास देतं, ऑपरेशनचं बिलही भरतं. अंघोळ घालायला, कूस बदलायला, भरवायला माणूस मात्र देत नाही. तो विकत घ्यावा लागतो किंवा घरातल्या कुणीतरी, बहुतेक वेळा सुनेनं किंवा लेकीनं, स्वतःचा रोजगार बुडवून ते काम करावं लागतं. म्हणून जे फुकट मिळतं त्यावर घरचा रुपया घालवू नका. तो रुपया माणसासाठी राखून ठेवा.

आधी आधार कार्डावरची तारीख बघा

योजना नंतर. आधी आई-वडिलांचं आधार कार्ड काढून जन्मतारीख वाचा. ती १ जानेवारी असेल तर सावध व्हा. गावात शिबिरं लावून आधार काढलं गेलं तेव्हा ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांचं वय अंदाजानं टाकलं गेलं. सत्तरी ओलांडलेली आजी कागदावर बासष्टची निघते आणि इथेच सगळं अडतं. श्रावणबाळ निवृत्तीवेतन योजनेला ६५ वर्षं लागतात, मोफत उपचारांच्या वय वंदना कार्डाला ७०, एसटीच्या फुकट प्रवासाला ७५.

तारीख दुरुस्त होते, पण साधारणपणे एकदाच, त्यामुळे पुरावा हातात आल्याशिवाय अर्ज करू नका. आधार केंद्रावरचं शुल्क ७५ रुपये आहे. चांगला पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. आजी दुसरीत शाळा सोडून गेली असली तरी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची नोंद असू शकते. ती माहेरच्या गावच्या शाळेत शोधायची आणि माहेरच्या नावानं शोधायची, हे बरेच जण विसरतात. दाखला मिळाला की माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवणारा कागद सोबत जोडावा लागतो.

दुसरी अडचण बोटांची. आयुष्यभर बाजरी कापलेल्या, बांध घातलेल्या, शेणात हात घातलेल्या बोटांच्या रेषा झिजून सपाट होतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. मग केंद्रावरचा मुलगा ओल्या फडक्यानं बोट पुसतो, दुसरं बोट ठेवायला लावतो, मग तिसरं, मग दुसऱ्या हाताचं. म्हातारा माणूस बिचारा आपलंच काही चुकलं असं समजून ओशाळा होतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. केंद्रावर १२५ रुपयांत बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं नव्यानं नोंदवून घ्या. रेशनच्या ई-केवायसीला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही चालतं. अंगठा उठत नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर चेहऱ्यानं किंवा बुबुळानं ओळख पटवायला सांगा.

दीड हजार रुपये

६५ वर्षांवरच्या गरीब माणसासाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. महिन्याला १,५०० रुपये. ६५च्या आतल्या विधवा, निराधार, दुर्धर आजारी आणि अपंग माणसांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिचेही १,५००च. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्यांच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा वाटा असतो. तो ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये आणि ८०च्या पुढे ५००. दोनशेचा हा आकडा २००७ पासून तोच आहे. राज्य त्यात आपली भर घालतं म्हणून हातात दीड हजार पडतात.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दरानं कुणी ६८ दिवस काम केलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते. सरकार किमान शंभर दिवसांच्या कामाची हमी देतं आणि सत्तर दिवसही काम न मिळालेल्यालाच गरीब मानतं, ही विसंगती लोकप्रतिनिधींच्या कानी घालत राहायला हवी. तोवर नियम आहे तो आहे. आई-वडील खरोखर वेगळे राहत असतील, चूल वेगळी असेल, तर शिधापत्रिकाही रीतसर विभक्त करून घ्या. कमावत्या मुलाच्या कार्डात नाव असलं तर उत्पन्नाचा दाखला त्या हिशेबानं निघतो.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या आईसाठी इथे एक इशारा आहे. ती योजना २१ ते ६५ वयासाठी आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पासष्टी उलटली की ते दीड हजार बंद होतात आणि पुढची योजना २१ हजारांची अट घेऊन उभी असते. बाई तीच, घर तेच, आजारपणं मात्र वाढलेली. म्हणून ६५ पूर्ण व्हायच्या आधीच उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि वयाचा पुरावा जमवून ठेवा, म्हणजे मधले महिने कोरडे जाणार नाहीत.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा पारनेर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत करायचा. तिथे सगळे तिला ‘संगायो’ म्हणतात. सोबत वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, शिधापत्रिका, आधार आणि बँक पासबुक. वयाचा कागद नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालतो. मंजुरी तालुक्याची समिती देते आणि तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. बैठक कधी आहे हे शाखेत विचारून ठेवा.

या सगळ्याला खर्च किती? दाखल्यांचं शुल्क केंद्राच्या फलकावर लावलेलं असतं. तेवढंच द्यायचं आणि पावती घ्यायची. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरतं. ‘मंजूर करून देतो, पहिल्या दोन महिन्यांचे पैसे माझे’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, त्यात मध्यस्थाला करण्यासारखं काही उरलेलंच नाही. मात्र आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत पाहून घ्या. पैसे भलत्याच जुन्या खात्यात पडत राहिले आणि घरच्यांना कळलंच नाही, असं फार वेळा घडतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की पैसे थांबतात, म्हणून मुंबईकर मुलांनी ही तारीख स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवावी.

अपंगत्वाकडेही लक्ष द्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, कान गेले, अर्धांगानं हात लुळा पडला, याला घरात सगळे ‘वय झालं’ म्हणतात. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीत ते ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. ऑक्टोबर २०२५ पासून श्रावणबाळ आणि संजय गांधी या दोन्ही योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना दीडऐवजी अडीच हजार रुपये आहेत. ग्रामपंचायतीनंही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाकडे लेखी मागा.

दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, पारनेरचं ग्रामीण रुग्णालय आणि नगरचं जिल्हा रुग्णालय. बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे मिळतात. नियमित गोळ्या तिथून घ्या. तिथे नसल्या तर जन औषधी दुकानातून. तीच गोळी ब्रँडच्या निम्म्या किंवा त्याहून कमी भावात मिळते. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. दोघा म्हाताऱ्यांच्या गोळ्यांवर महिन्याला दोन हजार घालवणाऱ्या घराचे यात बरेच पैसे वाचतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत. तरी कित्येक घरांत ‘पुढच्या वर्षी करू’ चाललेलं असतं. अंधूक दिसणारी आजी उंबऱ्यावर अडखळते आणि खुब्याचं हाड मोडून घेते. मग जो खर्च सुरू होतो त्यापुढे डोळ्याचं ऑपरेशन काहीच नव्हतं. डोळे आधी करून घ्या.

मोठ्या आजाराला दोन आधार आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्यांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देते. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याचेही वर्षाला ५ लाख. त्याला आधारखेरीज दुसरा कागद लागत नाही. हे कार्ड आजच काढा. रात्री दोनला रुग्णवाहिकेत बसल्यावर ते काढता येत नाही.

कार्ड असूनही बिल भरावं लागलं अशी तक्रार कानावर येते. बहुतेक वेळा कारण असं की रुग्णालय योजनेत नव्हतं किंवा तो उपचार तिथे मंजूर नव्हता. दाखल करण्याआधी १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकावर विचारा आणि रुग्णालयात पोचताच आधी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. अनामत भरून बसलात की पुढचं सगळं अवघड होतं. योजनेबाहेरच्या धर्मादाय रुग्णालयातही एक वाट आहे. वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी आणखी १० टक्के खाटा सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. रुग्णवाहिका १०८, तिचे पैसे नसतात.

ही कार्डं जिथे थांबतात तिथेच म्हातारपणाचा खरा खर्च सुरू होतो. खुब्याचं ऑपरेशन योजनेतून होतं, घरी सोडल्यावर आयुष्मानमधून १५ दिवसांपर्यंतची औषधंही मिळतात. सोळाव्या दिवसापासून सगळं घरच्या पैशानं.

काठी, खुर्ची, एसटी

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, कानाचं यंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा यासाठी. खरेदीचं बिल ३० दिवसांत द्यायचं असतं, ते जपून ठेवा. वॉकर हजार-बाराशेला येतो, कमोडची खुर्ची दोन ते तीन हजारांना. तीन हजारांत दोन्ही बसवणं ओढाताणीचंच, पण एक निवडायचं झालं तर मी खुर्ची सांगेन. परसाला बाहेर जाताना, वाकताना, उठताना म्हातारी माणसं पडतात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची शिबिरं लागतात तिथे थेट वस्तूच मिळतात. त्यांची माहिती पंचायत समितीत मिळेल.

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५च्या पुढे पूर्ण मोफत. महिलांना वय काहीही असो अर्धं. राज्याच्या हद्दीत कुठेही, आधार दाखवून. नगरला तपासणीसाठी नेणं-आणणं यात बसवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही.

माणूस

आता ज्यासाठी हे सगळं वाचवलं तिकडे या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसातून एकदा अंग पुसणं, दोन-तीनदा लंगोट बदलणं, चार वेळा भरवणं आणि दर दोन तासांनी कूस बदलणं एवढं लागतं. यातली शेवटची गोष्ट घरचे सगळ्यात आधी सोडतात, कारण रात्रीही उठावं लागतं. माकडहाडाजवळची त्वचा आधी लाल होते. बोटानं दाबून सोडली तरी लाली जात नाही. तिथून दोन-चार दिवसांत कातडी सोलपटते आणि मग ती जखम महिनोन् महिने भरत नाही. लाली दिसली त्याच दिवशी हवेची गादी आणा. अडीच ते साडेतीन हजारांची ही गादी पुढचा ड्रेसिंगचा खर्च आणि त्या माणसाचे हाल वाचवते. उपकेंद्रातल्या नर्सताईंना किंवा आशाताईंना बोलावून कूस कशी बदलायची, पाठीला उशी कुठे लावायची हे घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्यावं. पुरुषांनीसुद्धा.

मोठ्या माणसांचे डायपर ३० ते ५० रुपयांना एक. दिवसाला तीन धरले तर महिन्याला सत्तावीसशे ते साडेचार हजार, म्हणजे श्रावणबाळच्या पैशाच्या जवळजवळ दुप्पट ते तिप्पट. रात्री एक डायपर आणि दिवसा जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे, खाली रबरी चादर, असं केलं तर खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो आणि कातडीही चांगली राहते. मात्र धुणारे हात हवेत, आणि तो हिशेब पैशात कुणी मांडत नाही.

गावात सकाळी दोन-तीन तास येऊन अंघोळ-स्वच्छता करणारी बाई मिळाली तर महिन्याला तीन ते पाच हजार द्यावे लागतात. दिवसभरासाठी शेतातल्या रोजंदारीइतकं तरी, म्हणजे दिवसाला तीनशे-चारशे. महिन्याचे दहा हजारांच्या आसपास झाले. चोवीस तासांसाठी पुण्याच्या ब्युरोतून माणूस आणला तर वीस ते तीस हजार, वर जेवण आणि राहणं. ब्युरो आगाऊ कमिशन घेतो. माणूस आठवड्यात सोडून गेला तर बदली कधी देणार हे लिहून घ्या, ओळखपत्राची प्रत घ्या आणि पोलीस पाटलांना कळवा.

बहुतेक घरांत हे काम सून किंवा लेक करते आणि तिला काहीच मिळत नाही. भावांनी बसून हिशेब करावा. बाहेरच्या बाईला दहा हजार द्यावे लागले असते, तर गावात राहून आईचं करणाऱ्या भावजयीच्या खात्यात मुंबईच्या दोघांनी मिळून त्यातला निम्मा वाटा तरी दरमहा का टाकू नये? वर्षातून आठवडाभर आईला आपल्याकडे नेऊन तिला सुट्टी द्यावी हेही त्यातच आलं. जर्मनीत १९९५ पासून काळजीचा विमा आहे आणि घरीच सांभाळ होत असेल तर त्यातून दरमहा रोख पैसे मिळतात. जपाननं २००० साली असा विमा सुरू केला. चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात, म्हातारपणी गरज किती आहे ते तपासून सात पातळ्यांपैकी एक ठरते, आणि घरी येणाऱ्या मदतनिसाच्या खर्चातला दहावा हिस्सा, कमाई जास्त असेल तर तीस टक्क्यांपर्यंत, घरच्यांनी द्यायचा. आपल्याकडे अशी तरतूद नाही. मोफत रेशन आहे, तीर्थदर्शन आहे, पण सकाळी एक तास येऊन आजीला अंघोळ घालणारं सरकारी माणूस नाही. ग्रामसभेत रस्त्याचा आणि गटाराचा विषय निघतो तसा हाही निघायला हवा. गावातल्या दोन-तीन बायकांना प्रशिक्षण देऊन मानधन दिलं, तर त्यांना रोजगार मिळेल आणि दहा-पंधरा घरांतली अंथरुणं कोरडी राहतील.

वृद्धाश्रम

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. राज्यात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आहे, त्यात निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या नाममात्र शुल्काच्या. नगरच्या समाजकल्याण कार्यालयातून जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त आश्रमांची यादी मागून घ्या. बहुतेक सरकारी-अनुदानित आश्रम चालता-फिरता येणारी माणसं घेतात. अंथरुणावरचा रुग्ण घ्यायला कमी जण तयार होतात, आणि आपल्याला गरज पडते ती नेमकी तेव्हाच.

पुण्याच्या आसपासचे खासगी आश्रम महिन्याला बारा ते पंचवीस हजार घेतात, वर अनामत. जाऊन बघा, आणि संध्याकाळी जा. सकाळी सगळीकडे स्वच्छताच दिसते. अनामत कधी आणि किती परत मिळणार, डायपर आणि औषधं वेगळी आहेत का, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेणार, माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवणार की परत पाठवणार? चारही उत्तरं कागदावर घ्या. रात्री किती जण कामाला असतात हा पाचवा प्रश्न तिथल्या म्हाताऱ्यांनाच विचारा.

सात-बारा आणि ठेवी

शेतजमीन किंवा राहतं घर मुला-नातवांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. इतक्या स्वस्तात आयुष्याची कमाई दुसऱ्याच्या नावावर होते, म्हणून सांगतो, घाई करू नका. नाव निघालं की पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाचे १२ हजारही जातात, आणि घरातला शब्दही जातो. मनात मुलांना द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि हयातीत ते कधीही बदलता येतं.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहून घ्या, की घेणारा देणाऱ्याचा आमरण सांभाळ करील आणि गरजा भागवील. २००७च्या त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ही अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात आईच्या बाजूनं निकाल देताना या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावावा असं सांगितलं. तरी लिहिलेली अट हातात असणं केव्हाही बरं.

साठवलेले पैसे जास्त व्याजाच्या आशेनं पतसंस्थेत सगळे टाकू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला तेव्हा हा फरक जिल्ह्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या ठेवीदारांना नव्यानं कळला. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज आहे. लाखाला दर तीन महिन्यांनी २,०५० रुपये हातात येतात.

मुलं बघत नसतील तर

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. आपला तालुका श्रीगोंदा-पारनेर उपविभागात येतो. वकील लागत नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं, आणि मूलबाळ नसेल तर ज्याला वारसानं मालमत्ता मिळणार आहे तो नातेवाईक, सगळ्यांवर ही जबाबदारी आहे. महिन्याला कमाल १० हजार रुपये ठरवून मिळतात. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. म्हाताऱ्या माणसाला सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पोटच्या पोरावर अर्ज करायला म्हातारी माणसं धजावत नाहीत. ‘लोक काय म्हणतील’ हे त्यांच्या तोंडी असतं, आणि मनात असतं की आता आहे तेही तुटेल. आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोलून बघा. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि समुपदेशक मुलांशीही बोलतात. मारहाण होत असेल तर थेट ११२.

आदेश झाल्यावर पहिले दोन महिने पैसे येतात आणि मग थांबतात, असंही होतं. तेव्हा गप्प बसू नका. त्याच न्यायाधिकरणाकडे वसुलीचा अर्ज करा, वॉरंट निघून एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र हा अर्ज हप्ता थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि ज्या महिन्यात रक्कम दिसली नाही त्याच महिन्यात अर्ज लिहा.